अनेक देव की एकच निर्मिक?

कोल्हापुरात हा प्रश्न पुस्तकी नाही. एकीकडं अंबाबाई, वाडी रत्नागिरीचा जोतिबा आणि घरोघरचं वेगळं कुलदैवत. चैत्र यात्रेत सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या उंच सजवलेल्या काठ्या, नाचतात, गुलाल उधळतो, ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ घुमतं. ज्याला जो देव जवळचा वाटतो तो त्याचा, हे या वाटेचं मोठं बळ.

दुसरीकडं महात्मा फुल्यांचा निर्मिक, म्हणजे सृष्टी निर्माण करणारा. एकच, सगळ्यांना सारखा, मूर्तीविना. १८७३ साली पुण्यात त्यांनी सत्यशोधक समाज स्थापला. १९११ मध्ये तो कोल्हापुरात उभा राहिला. भक्त आणि देव यांच्यामध्ये दलाल नको, हा त्याचा गाभा. भटजीशिवाय लग्नं लागू लागली, ती यातूनच. आणि इथं तर खुद्द शाहू महाराजांना भटजींनी वेदोक्त, म्हणजे वेदांतले, मंत्र जन्मावरून नाकारले होते! छत्रपतींची ही गत, तर सामान्य रयतेचं काय?

म्हणून मला निर्मिकाची बाजू अधिक न्यायाची वाटते. जन्मावरून ती कुणाला मागं ढकलत नाही. मात्र निर्मिकाची जत्रा भरत नाही, त्याच्यासाठी कुणी नवस बोलत डोंगर चढत नाही. त्या विचाराची ही उणीव खरीच आहे, आणि ती कशी भरून काढायची हे सत्यशोधकांच्या वारसांनी अजून ठरवायचं आहे.