आठ महिने, एक स्ट्रॉ आणि पांढरी चार

मी मिरजेत एका पतसंस्थेत काउंटरवर बसते. वय ४६. आवाज पहिल्यापासूनच बारीक. घरचा फोन मी उचलला की पलीकडचा म्हणायचा, "बाळा, आईला दे जरा." त्यावर आम्ही सगळे हसायचो, मीही हसायचे. पण गेली दोन-तीन वर्षं दुपारी तीननंतर आवाज उरायचाच नाही. टोकनचा नंबर पुकारला तर पहिल्या बाकावरची माणसंसुद्धा उठून काचेला कान लावायची. घरी सासूबाईंचं सुरूच, "अगं, तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस?" रात्री गळ्याच्या दोन्ही बाजू ओढून धरल्यासारख्या दुखायच्या.

आता आठ महिने आवाजाचे व्यायाम करतेय, त्यांनी फरक पडला. त्याआधी केलेले उद्योग सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. ज्येष्ठमध, खडीसाखर, हळद-दूध सगळं झालं. एका डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि "कमी बोला" म्हणाले. काउंटरवरच्या बाईला! मग शिक्षक कमरेला लावतात तसला माइक साडेतेराशे रुपयांना मागवला. तो काचेच्या आत आला की शिट्टी मारायचा. दुसऱ्याच दिवशी साहेबांनी तो घरी न्यायला लावला. सगळ्यात वाईट म्हणजे एक व्हिडिओ बघून मी पोटातून जोर काढत 'हा! हा!' करायला लागले. चार दिवसांत घसा पुरता बसला.

शेवटी कान-नाक-घसावाल्यांकडे दुर्बीण घालून घेतली. बाईचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण दोनशे वेळा हलतात, डोळ्याला ते दिसणं शक्यच नाही. म्हणून उघडझाप होणारा दिवा लावून ती हालचाल संथ दाखवतात. पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या मिटत होत्या, पण मधे बारीक फट राहत होती. गाठ वगैरे काही नव्हती. त्या फटीतून वारा वाया जायचा आणि तो भरून काढायला मी गळा आवळत होते. व्यायाम सुरू करायच्या आधी हे बघून घ्या, एवढं मात्र कळकळीने सांगते. आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस बसलेला असेल तर दुर्बीण आधी, त्यात तंबाखू-बिडी असेल तर नक्कीच.

तिथून स्पीच थेरपिस्टकडे. बाई तरुण, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण कडक. त्यांनी घड्याळ लावून 'ई' म्हणायला सांगितलं, एका श्वासात जितका वेळ टिकेल तितका. माझा ७ सेकंदांत संपला. दहाच्या खाली म्हणजे काम आहे, म्हणाल्या.

व्यायाम चारच आहेत. जोसेफ स्टेम्पल नावाच्या अमेरिकन तज्ज्ञांनी बसवलेले. एका फेरीत प्रत्येक दोनदा, सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. पहिला, पांढरी चारला, म्हणजे पेटीवरच्या सप्तकातल्या चौथ्या पांढऱ्या पट्टीच्या सुराला, 'ई' धरून ठेवायची. दुसरा, तळापासून वरपर्यंत आवाज घसरत न्यायचा, तिसरा तसाच वरून खाली. यासाठी 'नोल' असा शब्द दिला होता. इंग्रजीत त्याचा अर्थ टेकडी, त्यामुळे आमच्या घरी या प्रकाराचं नाव 'टेकडी चढणं' पडलं. चौथा, पांढरी एक ते पाच, एकेक सूर शब्दाच्या शेवटच्या 'ओल'वर जितका लांबेल तितका. मोबाइलवर पेटीचं अ‍ॅप घेतलं, फुकट आहे.

यातली गोम अशी की हे सगळं हळू करायचं. अगदी हळू. शेजारच्या खोलीत झोपलेल्याला जाग येणार नाही इतकं, पण हवा न गळू देता. मी आवाज मोठा करायला गेले होते आणि ही बाई मला कुजबुजीच्या एक पायरी वर ठेवत होती. कुजबुजूही द्यायची नाही, त्याने उलट ताण येतो. पहिले तीन आठवडे मला वाटलं, पाचशे रुपये सिटिंग हे मी गप्प बसायला देतेय. हळू आवाजात सूर थरथरतो, मधेच तुटतो, वर जाताना एका ठिकाणी चक्क नाहीसा होतो. जोराने म्हटलं की हे सगळं झाकलं जातं. म्हणूनच हळू.

जोडीला स्ट्रॉ. अर्धी भरलेली पाण्याची बाटली, स्ट्रॉचं टोक पाण्यात दोन बोटं बुडवायचं आणि 'ऊ' करत बुडबुडे काढायचे. तोंड असं अरुंद झालं की समोरून थोडा दाब उलटा येतो, त्यावर स्वरतंतू एकमेकांवर न आपटता सहज हलतात. पहिल्या दिवशी सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "घरात हुक्का आणलाय का?" दमलेल्या घशाला सगळ्यात लवकर आराम कशाने पडत असेल तर याने. मी दुपारच्या सुट्टीत संस्थेच्या मोरीत जाऊन दोन मिनिटं करते. शिपाईमामांना आता सवय झाली.

आणि शेवटी गुंजन, ओठ मिटून 'म्म्म'. ओठांना आणि नाकाच्या बाजूला मुंग्या आल्या पाहिजेत. हे मला दोन महिने जमेना. आमच्या घरापासून सतारमेकर गल्ली पाच मिनिटांवर आहे. एकदा तिथून जाताना एक कारागीर तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची घुमणारी आस, लावत होता. तार छेडायची, घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवायचा, पुन्हा छेडायची. बोटाचा जोर तोच, आणि एका जागी दोरा बसला तसा तोच सूर गल्लीभर झाला. घरी येऊन मी जबडा सैल सोडला आणि 'म्म्म' हनुवटीतून पुढे येऊ दिला. त्या दिवशी मुंग्या आल्या. आता मी 'म्म्म'वरून थेट शब्दावर जाते, म्म्म-माझं, म्म्म-मागचं, म्म्म-नाव सांगा.

वहीतले आकडे देते. सहा आठवड्यांनी 'ई' ११ सेकंद, तिसऱ्या महिन्याअखेर १५, आता १८, कधी १९. पण मला त्यापेक्षा तीन वाजताचा हिशोब महत्त्वाचा. साधारण अडीच महिन्यांनी एका सोमवारी (आमच्याकडे सोमवारी कहर गर्दी) पावणेपाचला लक्षात आलं की घसा दुखत नाहीये. पुढच्याच आठवड्यात मी "एकोणसाठ" म्हटलं आणि भिंतीकडचे आजोबा पिशवी सावरत उठले.

आता तक्रारी. दिवाळीत भाचीच्या लग्नाची धावपळ आली, सोळा दिवस खाडा. आवाज जवळजवळ होता तिथे परत. सर्दी-खोकल्यात हे करता येत नाही, केलं की बिघडतं. रस्त्यापलीकडच्या रिक्षाला हाक मारणं अजूनही जमत नाही, ते बहुतेक जमणारही नाही. फोनवर अजून 'बाळा' ऐकू येतं, फक्त कमी वेळा. आवाज भारदस्त होईल अशा आशेने कुणी करणार असेल तर करू नका. माझा पोत तोच आहे, बारीक. तो आता टिकतो आणि पोचतो.

सवयींपैकी दोनच खऱ्या उपयोगी पडल्या. घसा खाकरण्याऐवजी घोटभर पाणी गिळायचं, कारण खाकरताना तेच तंतू एकमेकांवर आदळतात. आणि रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी, मला आम्लपित्त आहे म्हणून. ज्येष्ठमध चघळते अजून, आवडतं म्हणून. खाल्लेलं अन्ननलिकेत जातं, स्वरतंतूंना लागतच नाही, हे थेरपिस्टने चित्र काढून दाखवलंय. वाफ मात्र पोचते.

खर्च: दुर्बिणीचे सोडून आठ सिटिंगचे चार हजार, स्ट्रॉचं पाकीट चाळीस रुपयांचं. सिटिंगशिवाय नुसतं वाचून केलं असतं तर मी नक्की चुकीचं केलं असतं, पहिल्या दोन तरी घ्याच.

सासूबाईंचं राहिलं. सहाव्या महिन्यातही त्या "काय?" म्हणतच होत्या, तेव्हा थेरपिस्टनेच विचारलं, त्यांचे कान कधी तपासलेत? वयानुसार आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात म्हणे. तपासले. माझ्या आवाजाचा निम्मा दोष त्यांच्या कानांचा निघाला. आता मशीन लावतात, आणि सकाळी साडेसहाला माझी बाटली सुरू झाली की ते काढून ठेवतात.