किनाऱ्यावर वेटसूट कुठे वाळवावा: पडवीत, पंख्याखाली, हवेच्या हँगरवर की बंद खोलीत?

मालवण-तारकर्लीच्या बाजूला डायव्हिंग शिकून स्वतःचा ३ मिलिमीटर जाडीचा वेटसूट, म्हणजे पाण्यात अंग उबदार ठेवणारा रबरी पोशाख, घेतलेल्या माणसाची खरी अडचण घरी आल्यावर सुरू होते. संध्याकाळी दोरीवर टाकलेला सूट सकाळी हाताला गारच लागतो, दोन दिवसांनी त्याला कुबट वास येऊ लागतो आणि मग वाळवण्यासाठी एखादे यंत्र घ्यावे का, हा प्रश्न पडतो. वाळवण्याचे चार मार्ग मी इथे, किनाऱ्यावरच्या घरात, आलटून पालटून वापरले आहेत. त्यांचा हा आढावा.

परंतु त्या चारांपैकी कोणताही निवडण्याआधी सूट कसा धुतला जातो ते पाहणे भाग आहे. सूट ज्याचा बनतो ते निओप्रिन म्हणजे रबराचा फेस. त्यातले हवेचे कप्पे बंद असल्यामुळे त्यात पाणी फारसे शिरत नाही, ते राहते दोन्ही बाजूंच्या कापडी अस्तरात, शिवणींत आणि गुडघ्यांवरच्या जाड पट्ट्यांत. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे सूटमध्ये अर्धा लिटर पाणी अडकून तसेच सुकले, तरी तीन चहाचे चमचे मीठ त्यात उरते. पावसाळ्यात आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटते, तेच इथे घडते: हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेते, आणि समुद्री मिठातले मॅग्नेशियमचे क्षार तर त्याहून बऱ्याच कोरड्या हवेतही ओल धरतात. किनाऱ्यावर रात्रीची आर्द्रता ७५ टक्क्यांपलीकडे जाणे नित्याचे आहे. त्यामुळे मीठ राहिलेला सूट दुपारी वाळल्यासारखा वाटला तरी रात्री पुन्हा ओलसर होतो, आणि अशा सूटवर कितीही महागडे यंत्र लावले तरी पैसे वाया जातात.

म्हणून सूट उलटा करून मोठ्या टबात साध्या पाण्यात १५-२० मिनिटे बुडवून ठेवावा, पाणी बदलून पुन्हा तेच करावे, आणि शेवटी मनगटाच्या कडेवरून ठिबकणारा थेंब जिभेला लावून पाहावा. खारट लागला, तर तिसरे पाणी. किनाऱ्याजवळच्या अनेक विहिरींचे पाणी मार्चनंतर मचूळ होते, अशा वेळी शेवटची एक कळशी तरी पिण्याच्या पाण्याची ओतावी. जिथे दहा सूट एकाच पिंपात बुचकळले जातात, तिथे शेवटच्या सूटला मिळते ते खारे पाणीच, हे भाड्याने सूट देणाऱ्यांनी मनावर घ्यायला हवे.

आता पहिला मार्ग, म्हणजे पडवी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सकाळचे दहिवर निवळल्यापासून दुपारी खारे वारे सुटेपर्यंतची हवा किनाऱ्यावर सर्वांत कोरडी असते, कारण तोवर जमिनीकडून येणारा मतलई वारा वाहत असतो. त्या तीन-चार तासांत छपराच्या सावलीत टांगलेला, नीट धुतलेला सूट जितका वाळतो, तितका उरलेल्या दिवसभरात वाळत नाही. खर्च शून्य. मर्यादा एवढीच की त्या वेळी घरी कोणीतरी असायला हवे आणि दुपारनंतर सूट आत घ्यायला हवा. ऊन मात्र टाळावेच. पहिल्या वर्षी मी सूट अंगणातल्या जांभ्याच्या गडग्यावर भर उन्हात पसरत असे. हंगाम संपता संपता खांद्यावरचे रबर कडक झाले, आणि हात वर उचलला की तिथे बारीक भेगा दिसू लागल्या. अतिनील किरणांनी आणि उष्णतेने रबराचा लवचीकपणा एकदा गेला की तो परत येत नाही.

दुसरा मार्ग पंख्याचा. छताच्या पंख्यापेक्षा टेबलपंखा जमिनीवर ठेवून त्याचा झोत सूटच्या पायांतून वर जाईल असा लावला, तर फरक स्पष्ट जाणवतो, कारण ओल शेवटपर्यंत टिकते ती घोट्यांत आणि मनगटांत. साधारण ७५ वॅटचा पंखा आठ तास चालला तरी ०.६ युनिट वीज लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाण्यात उतरायचे असेल, तर सूट उलटाच ठेवावा. बाहेरची बाजू ओली राहिली तर चालते, अंगाला लागणारी कोरडी हवी.

हवेचा हँगर, म्हणजे ज्याच्या खांद्यांतून छोटा पंखा सूटच्या आत हवा सोडतो तो, दिसायला आकर्षक असतो आणि सूटच्या आतल्या भागासाठी उपयोगीही आहे. पण तो हवा कोरडी करत नाही, खोलीतलीच दमट हवा आत ढकलतो. एका सूटसाठी तो घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. टेबलपंखा जवळपास तेच काम करतो.

चौथा मार्ग बंद खोलीचा: एसी ड्राय मोडवर लावणे किंवा हवेतले पाणी काढून घेणारा डीह्युमिडिफायर ठेवणे. चारांपैकी फक्त इथेच हवेतली ओल खरोखर कमी होते. मुंबई-पणजीतल्या सदनिकेत, जिथे पडवी नाही आणि बाल्कनीत दिवसभर ऊन येते, तिथे हाच मार्ग योग्य. एसी आधीच असेल तर वेगळे यंत्र घेण्याचे कारण नाही. कौलारू घरात मात्र फटींतून दमट हवा सतत आत येते आणि यंत्र उगाच चालत राहते. तिथे पडवी आणि पंखा यांची जोडीच मी सुचवीन.

टांगण्याविषयी थोडे. ओल्या सूटचे वजन खांद्यांवर आले की शिवणी ताणल्या जातात, म्हणून तो कमरेत दुमडून आडव्या दांडीवर टाकावा. तारेचा हँगर गंजतो आणि रबरात रुततो. मी दोरीत चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा ओवला आहे. गोल आणि रुंद असल्यामुळे त्यावर सूटला घडी पडत नाही, आणि दोन्ही बाजूंमधून वारा खेळतो. चेनवर मेणबत्तीचे मेण फिरवावे. खोबरेल तेल लावण्याचा मोह टाळावा, कारण ते अस्तरात झिरपून खवट होते.

मेअखेरीस डायव्हिंग बंद झाले की सूट ठेवायचा कसा, हे वेगळे ठरवावे लागते, कारण जुलैत आर्द्रता बहुधा ८५ टक्क्यांच्या आसपास किंवा वरच असते आणि तेव्हा पडवीचा उपयोग नसतो. मेमधल्या कोरड्या सकाळी तो पूर्ण वाळवून सैल गुंडाळून, घट्ट झाकणाच्या पिंपात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवता येतो. यात उंदरांपासून संरक्षण मिळते, पण शिवणीत थोडीशी ओल राहिली तरी आत बुरशी धरते. दुसरा पर्याय म्हणजे रुंद हँगरवर, सुती कापडाच्या झाकणात, आतल्या खोलीत टांगणे आणि आठवड्यातून एकदा तासभर पंखा लावणे. गुडघ्याच्या पट्टीखाली दोन बोटे घालून दाबल्यावर जराही गारवा जाणवला, तर पिंपाचा विचार सोडून सूट टांगूनच ठेवावा.