हजाराच्या आतला निळा ओबीडी डोंगल : जुनी पेट्रोल डस्टर आयडलिंगला थरथरत असेल तर

अंगावर ‘ईएलएम३२७’ छापलेला, काडेपेटीएवढा निळा ब्लूटूथ डोंगल. गाडीच्या ओबीडी पोर्टात (इंजिनचे दोष वाचायचं सॉकेट) लावायचा. आतली चिप बहुधा नक्कल, ‘व्हर्जन १.५’ लिहिलं असेल तर नक्कीच, कारण मूळ कंपनीने ते व्हर्जन काढलंच नाही. तरी डस्टर १.६ पेट्रोलच्या (के४एम इंजिन) मिसिंगसाठी (एखादा सिलिंडर नीट न पेटणं) तो पैसे वसूल करतो. अंदाजपंचे चारही कॉईल (प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या) बदलण्याआधी लावून बघावा.

जोडणी सोपी. चावी ऑन, पिन १२३४ किंवा ००००, अ‍ॅप टॉर्क किंवा कार स्कॅनर. आयफोनला हा चालत नाही, वाय-फाय किंवा ब्लूटूथ एलईवाला घ्यावा लागतो. वेग यथातथाच, म्हणून स्क्रीनवर तीन-चारच आकडे ठेवा.

दोषाचा कोड दिसला की लगेच पुसू नका. फ्रीझ फ्रेमचा (दोष नोंदला त्या क्षणाचे आकडे) स्क्रीनशॉट आधी घ्या; मिसिंग झालं तेव्हा आरपीएम आणि इंजिनचं तापमान किती होतं, ते पुसल्यावर जातं. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचं मिसिंग, पण रेनॉ मोजणी फ्लायव्हीलकडून करते. म्हणजे डस्टरमध्ये पहिला सिलिंडर गिअरबॉक्सच्या, ड्रायव्हरच्या डाव्या बाजूला. टायमिंग बेल्टकडून मोजलं की चौथ्याची धडधाकट कॉईल निघते आणि थरथर तशीच राहते. इंजिन थंड असताना पहिल्या-दुसऱ्याच्या कॉईल अदलाबदल करा, कोड पुसा, गाडी चालवा. आता पी०३०२ आला तर कॉईल गेली. पी०३०१ च राहिला तर प्लग तसेच फिरवा (१६ एमएमचा पाना), मग इंजेक्टर, शेवटी कम्प्रेशन.

डोंगलची खरी किंमत मात्र फ्युएल ट्रिममध्ये आहे, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर बघून संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो (शॉर्ट तात्पुरता, लाँग शिकलेला). इंजिन गरम करा, एसी बंद. शॉर्ट आणि लाँग ट्रिमची बेरीज आयडलला +१५ ते +२० टक्के, आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ आली तर कुठून तरी चोरटी हवा शिरत असू शकते : इनटेकची सील, फाटका होज. आरपीएमबरोबर ट्रिम वाढतच गेला तर पेट्रोलचं प्रेशर तपासा. एक मेख आहे. मिसिंगमुळे न वापरलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचतो आणि ट्रिम उगाच वर चढतो, म्हणून आधी मिसिंग मिटवा, मग ट्रिम वाचा.

मॅप सेन्सरची (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा) परीक्षा फुकटात होते. इंजिन बंद, चावी ऑन : मुंबईत साधारण १००, पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६ केपीए. गरम इंजिनच्या आयडलला ३०–४०. इंजिन बंद असतानाच आकडा दहाने चुकत असेल तर सेन्सर किंवा वायरिंग बघा.

आरपीएम स्थिर, ट्रिम ठीक, कोड नाही, तरी स्टिअरिंग हलतंय? मग फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते रबर माउंटिंग) बघा. रबर बसलंय हे कुठलाही स्कॅनर सांगत नाही.

डिझेलवाल्यांनी यावर पैसे घालू नयेत. इंजेक्टर करेक्शनचे (प्रत्येक इंजेक्टरचं डिझेल किती कमी-जास्त केलंय ते) आकडे या डोंगलवर सहसा येत नाहीत. त्यापेक्षा चारही इंजेक्टरच्या रिटर्नला (जादा डिझेल परत नेणाऱ्या नळीला) बाटल्या लावून बघणं बरं. आणि काम झालं की डोंगल काढून ठेवा. पोर्टातच राहिला तर उभ्या गाडीची बॅटरी खातो.