केस गळणाऱ्या सशासाठी रबरी ब्रश की बारीक दातांची फणी?

सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे अंग चाटताना पोटात गेलेले केस मांजरासारखे तोंडावाटे बाहेर टाकणे त्याला शक्य नसते. म्हणूनच केस गळण्याच्या दिवसांत साधनाची निवड विचारपूर्वक करावी लागते.

आखूड केसांच्या सशासाठी मी रबरी ब्रशच सुचवीन. त्याची मऊ बोटे सुटलेले केस ओढून घेतात आणि कातडीला ओरखडा येऊ देत नाहीत. सशाची कातडी अतिशय पातळ असते, ती सहज फाटते, हे ज्याने एकदा पाहिले आहे तो धातूच्या टोकदार तारांचा ब्रश पुन्हा हाती घेणार नाही. मात्र दाट, लोकरीसारख्या आतल्या थरापर्यंत रबर नीट पोहोचत नाही.

तेथे फणी उपयोगी पडते. अंगोरासारख्या लांब केसांच्या सशाला तिच्यावाचून पर्याय नाही. परंतु गुंता ओढून न काढता मुळाशी केस बोटांनी धरून टोकाकडून हळूहळू सोडवावा लागतो. गाठ सुटत नसेल तर कात्री चालवू नये, कारण केसांसोबत कातडीही कापली जाण्याचा धोका असतो. ते काम पशुवैद्यांकडे सोपवावे. तळपायांना मात्र फणी लावू नये, कारण तेथे गादी नसते आणि केस हेच संरक्षण असते.

केस भराभर गळत असताना रोज 5 ते 10 मिनिटे पुरेशी होतात. ससा धडपडू लागला, तर लगेच थांबावे.