एमजीबीचा स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर काढून जोडीचे एसयू कार्ब्युरेटर बसवले, आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मार्चच्या शेवटी काम पूर्ण झालं, आता नोव्हेंबर, मधे साधारण 2,800 मैल चालवली. आता लिहायला हरकत नाही.

गाडी 1977ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी कंपनीची उघड्या टपाची स्पोर्ट्स कार, रबर बंपरवाली, अमेरिकेत विकलेली. मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. या गाड्या इंग्लंडमध्ये अ‍ॅबिंग्डनला 1962 ते 1980 बनल्या, सुरुवातीपासून दोन एसयू कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, पुढे नुसतं कार्ब म्हणतो) घेऊन. पण अमेरिकेतल्या प्रदूषणाच्या नियमांमुळे इथल्या शेवटच्या काही वर्षांच्या गाड्यांना दोन एसयू काढून एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग लावला. इंजिन तेच 1798 सीसी बी-सिरीज, आणि ताकद कागदावर 62.5 हॉर्सपॉवर. एवढी देखणी गाडी चढावर मागच्या मिनीव्हॅनला वाट देत चालली की जीव तुटतो.

आपल्याकडच्या लोकांसाठी सांगतो, अँबॅसिडरचं जुनं 1489 सीसी पेट्रोल इंजिन याच बी-सिरीज घराण्यातलं. आमच्या मामाची सांगलीला अँबॅसिडर होती, पहिल्यांदा एमजीचं बॉनेट उघडलं तेव्हा टॅपेट कव्हर बघून मला मामाचं अंगण आठवलं.

स्ट्रॉमबर्गचा त्रास नेमका काय होता, तर त्याचा चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी सोय) ऑटोमॅटिक, कूलंटच्या गरम पाण्यावर चालणारा. नीट असला तर ठीक, पण माझा अडकायचा, इंजिन तापलं तरी मिक्श्चर रिच ते रिचच (पेट्रोल जास्त, हवा कमी), मागून काळा धूर, प्लग काजळीने काळे, आणि दुकानात दहा मिनिटं जाऊन आलो की स्टार्ट व्हायला कटकट. आत रबराचा डायफ्राम असतो, तो फाटला की पिकअप गेला, मी चार वर्षांत दोनदा बदलला. शिवाय इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (मिश्रण आत नेणारा आणि धूर बाहेर काढणारा नळ्यांचा भाग) एकाच बिडाच्या तुकड्यात. या इंजिनाच्या हेडला इनटेकचे दोनच पोर्ट आहेत, एक पोर्ट दोन सिलिंडरना, म्हणून प्रत्येक पोर्टसमोर एक कार्ब हीच मूळ रचना सरळ आणि बरोबर वाटते.

मी एसयूच्या एचआयएफ4 मॉडेलची जुनी जोडी घेतली, दीड इंची. आधीच्या एचएस4 मॉडेलला फ्लोट चेंबर (कार्बमधली पेट्रोलची छोटी टाकी) बाजूला लटकतं, यात ते खालीच बॉडीत असतं. जोडी रीबुश करायला, म्हणजे झिजलेल्या भोकांत नवे बुश बसवायला दिली. हे टाळू नका. थ्रॉटलचा (अ‍ॅक्सिलरेटर दाबला की उघडणाऱ्या झडपेचा) शाफ्ट जिथे फिरतो तिथे भोक झिजतं, तिथून हवा खेचली जाते आणि मग तुम्ही जन्मभर स्क्रू फिरवत बसा, आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) एका जागी राहणार नाही. ज्यांच्याकडे काम दिलं त्यांनी चार महिने लावले, आणि थ्रॉटल डिस्क जुन्याच परत बसवून दिल्या, ज्यात छोटा स्प्रिंगचा पॉपेट व्हॉल्व्ह असतो. तो स्प्रिंग दमला की आयडल खाली येतच नाही. माझा 1,400 आरपीएमवर अडकून बसला होता, तीन रविवार त्यात गेले, शेवटी मीच साध्या भरीव डिस्क आणून बसवल्या आणि त्याच दिवशी 850 वर स्थिर.

कार्बसोबत अ‍ॅल्युमिनियमचा इनटेक मॅनिफोल्ड, वेगळा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, हीट शील्ड, जाड स्पेसर, थ्रॉटल केबल, हाताने ओढायच्या चोकची केबल, सगळं लागतं. क्रँककेसचा (इंजिनाच्या खालच्या पोटाचा) ब्रीदर पाइप इंजिनाच्या बाजूच्या टॅपेट कव्हरवरून दोन्ही कार्बला जोडायचाच, तो राहिला की इंजिन मिळेल तिथून तेल गाळतं. सगळं मिळून मला 1,100 डॉलरच्या आसपास पडलं, मजुरी शून्य, कारण काम स्वतः केलं. एक मात्र आधी तपासा, कॅलिफोर्नियात 1976 आणि नंतरच्या गाडीला स्मॉग टेस्ट लागते, तिथे हे बसवून पास होणं अवघड आहे.

पहिल्यांदा चावी फिरवली तो प्रसंग सांगतो. या गाडीचा पेट्रोल पंप इलेक्ट्रिक, तोही एसयूचाच, मागून टक टक टक आवाज येतो, फ्लोट चेंबर भरले की आपोआप थांबतो. माझा थांबेचना. टक टक चालूच, आणि मागच्या कार्बच्या ओव्हरफ्लो पाइपमधून पेट्रोलची धार खाली. चावी बंद केली, खालचं झाकण उघडलं, तर फ्लोटच्या सुईखाली रबराचा काळा कण, तिळापेक्षा लहान. जुना होज मी तसाच ठेवला होता आणि इथल्या पेट्रोलमधलं 10 टक्के इथेनॉल जुनं रबर आतून खातं. सगळे होज इथेनॉल चालणारे घातले, फिल्टर नवा, त्यानंतर आजपर्यंत थेंब नाही. एक्झॉस्ट अगदी शेजारी असतो, त्यामुळे पंप थांबला नाही तर इंजिन चालू करू नका, आधी शोधा.

ट्यूनिंगचं मला सगळ्यात जास्त प्रेम. दोन्ही शाफ्टमधला क्लॅम्प ढिला करायचा, रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं एका कार्बच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या, आणि हवेचा स्स्स आवाज दोन्हीकडे सारखा होईपर्यंत स्क्रू जरा जरा फिरवायचा. मग कार्बमधला पिस्टन बारीक स्क्रू ड्रायव्हरने जेमतेम एक मिलिमीटर उचलायचा. इंजिन वेगात गेलं आणि तसंच राहिलं तर रिच, बसायला लागलं तर लीन (पेट्रोल कमी), किंचित चढून पुन्हा जागेवर आलं तर बरोबर. पेट्रोलचं माप ठरवणाऱ्या सुया एएयू नंबरच्या आहेत. डॅशपॉटमध्ये (कार्बच्या पिस्टनवरची तेलाची नळी) आधी पातळ तेल घातलं होतं, एकदम पाय दिला की गाडी क्षणभर अडखळायची, 20 ग्रेड घातल्यावर ते गेलं. पण व्हॉल्व्ह गॅप आणि टायमिंग आधी, कार्ब सगळ्यात शेवटी, नाहीतर दुखणं एकीकडे आणि औषध दुसरीकडे.

आता फरक. ताकद थोडी वाढली, पण फार आशा ठेवू नका, अमेरिकन इंजिनाचं कॉम्प्रेशनच 8 ला 1 आहे, ते कार्ब बदलून बदलत नाही. बदलला तो स्वभाव. डेलावेअर नदीच्या काठाने रूट 29 वर लॅम्बर्टव्हिल ते फ्रेंचटाउन जाताना वळणातून बाहेर पडताना थर्डमध्येच पाय दिला की गाडी न कुरकुरता उचलते, आधी सेकंड टाकायला लागायचा. मायलेज गॅलनला 19 होतं ते 24 वर आलं, प्लग आता बिस्किटाच्या रंगाचे.

खोट एकच, उन्हाळा. जुलैमध्ये ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकून गाडी बंद केली आणि पाच-दहा मिनिटांनी परत लावली की पेट्रोल तापलेलं असतं, पाय थोडा दाबून धरून सेल्फ मारावा लागतो. हीट शील्डला आतून इन्सुलेशन चिकटवल्यावर बरंच कमी झालं, पूर्ण नाही गेलं. आणि थंडीत हाताचा चोक ओढून मिनिटभर थांबावं लागतं, मला ते आवडतं, बायकोला नाही.

स्ट्रॉमबर्ग आणि त्याचा मॅनिफोल्ड पुसून, तेल लावून खोक्यात ठेवलाय, विकणार नाही. पुढच्या मालकाला मूळ सामान लागलं तर मिळायला हवं. या आठवड्यात डॅशपॉटचं तेल बघतो, आणि मागच्या कार्बची गास्केट जरा ओली वाटतेय, थंडी पडायच्या आत ती बदलून टाकतो.