कन्व्हर्टिबल कार सीट: ९ किलोला फिरवा म्हणे!

लहान मुलाची ही सीट गाडीत आधी उलटी (तोंड मागे) आणि नंतर सरळ (तोंड पुढे) अशी दोन्ही तऱ्हेनं लावता येते. मनातल्या मनात तिला साडेचार स्टार देऊन मोकळा झालो होतो. परवा कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला आणि एक स्टार तिथंच कापला. विचारलं इतकंच, की मुलगी सव्वा वर्षाची, वजन साडेदहा किलो, सीट पुढे तोंड करून कधी लावू? "सर, नऊ किलो झालं की फिरवा."

अहो, ९ किलोच्या आत फिरवायचीच नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. तुमच्याच मॅन्युअलमध्ये मागे तोंड १३ किलोपर्यंत चालतं असं छापलंय. त्या वरच्या चार किलोंचेही पैसे मोजलेत मी, ते का सोडू? ही सीट आर४४ या मुलांच्या सीटच्या जुन्या सुरक्षा नियमाची, म्हणून सगळा हिशेब किलोत. नव्या आर१२९ नियमात १५ महिन्यांच्या आत फिरवताच येत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं तर २०१८ मध्ये 'दोन वर्षांपर्यंत उलटं ठेवा' ही वयाची अटही काढली. सीटची मर्यादा संपेपर्यंत उलटंच ठेवा म्हणतात. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड, मान कच्ची. समोरून धडक बसली तर उलट्या सीटची पाठ डोकं, मान, पाठ सगळं एकदम झेलते. सरळ बसवलं की पट्टे अंग धरून ठेवतात, डोकं मात्र पुढे फेकलं जातं.

आता खरा वैताग, पट्टे. उलट्या सीटला ते खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालच्या खाचेतून हवेत, सरळ केल्यावर रेषेत किंवा वरच्या. म्हणजे मूल वाढलं की खाच बदला. त्यासाठी कव्हर उतरवा, मागच्या लोखंडी पट्टीतून दोन्ही टोकं सोडवा, पीळ न पडता वरच्या खाचेतून ओवा, मग कव्हरची इलास्टिकं ओढत बसा. रविवारची सकाळ गेली. या किमतीत पट्ट्यांची उंची बदलायला डोक्यामागे एक खटका देता आला नसता?

उलटी सीट जागा फार खाते ही माझी जुनी तक्रार मात्र मागे घेतो. पुढची सीट पुढे सरकवावी लागायची, बायकोचे गुडघे डॅशबोर्डला लागायचे. आता ती मागे मुलीशेजारी बसते आणि रडारडही कमी झाली. "पोरीचे पाय अवघडतात गं," हे आईचं पालुपद चालूच आहे. पोरगी मांडी घालून नाशिकपर्यंत घोरते.

१३ किलो होईपर्यंत किंवा डोकं सीटच्या वरच्या कडेपासून अडीच सेंटीमीटरवर येईपर्यंत फिरवणार नाही. सेलमध्ये मिळाली तर घ्या, पूर्ण किमतीला नको.