वाण काय लुटायचं? ४० जणी, १,००० रुपये आणि कपाटातले ब्लाउजपीस

माझ्या ओट्याखाली एक मोठा डबा आहे. त्यात गेल्या सात-आठ संक्रांतींची वाणं पडून आहेत. चहाच्या प्लास्टिकच्या गाळण्या, झाकण न बसणाऱ्या डब्या, साबणाच्या जाळ्या, मोबाइल उभा करायचं काहीतरी. वापरात एकही नाही. वाण फेकवत नाही आणि पुढे सरकवावं तर कुणी दिलं होतं ते आठवत नाही. नेमकं तिच्याच हातात परत गेलं तर?

यंदा हळदीकुंकू माझ्याकडे आहे, म्हणून हा खटाटोप. ४० जणी, वाणासाठी १,००० रुपये, म्हणजे एकीमागे २५. तिळगूळ, फुलं, अत्तर यांचा खर्च वेगळा. एवढ्यात कचरा न होणारं, शक्यतो घरी केलेलं काय देता येईल हे मी गेली तीन-चार वर्षं थोडं थोडं करून पाहिलंय.

आधी वेळेचं बघा. संक्रांत ते रथसप्तमी हा काळ दरवर्षी सारखा नसतो. २०२५ साली रथसप्तमी ४ फेब्रुवारीला होती, म्हणजे हाताशी तीन आठवडे होते. २०२६ मध्ये ती २५ जानेवारीलाच, जेमतेम ११ दिवस. घरी करायचं असेल तर डिसेंबरातच हात घालावा लागतो. दुसरं म्हणजे एका संध्याकाळी बायका तीन-चार घरी जातात, त्यामुळे वाण पर्समध्ये किंवा हातातल्या पिशवीत मावलं पाहिजे. आणि तिसरी, माझी स्वतःची कसोटी: होळीला ती वस्तू कुठे असेल? वापरात, पोटात की माळ्यावर?

पिशवी: पण कुठल्या कापडाची?

पर्यावरणपूरक वाण म्हटलं की पहिली आठवते कापडी पिशवी. पुण्यात तुळशीबागेत, बोहरी आळीत ती गठ्ठ्याने मिळते, स्वस्तही असते. पण त्यातल्या बऱ्याचशा 'कापडी' पिशव्या कापडाच्या नसतातच. त्या नॉन-वोव्हन, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकचे धागे न विणता नुसते दाबून केलेल्या असतात. केंद्र सरकारच्या नियमांतही त्या प्लास्टिकच्या पिशव्यांमध्येच मोजल्या जातात. ओळखायचं सोपं आहे. कोपऱ्यातला एक धागा जाळून बघा. सुताची राख होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो, प्लास्टिकचा धागा मात्र वितळून त्याचा मणी होतो.

मग खऱ्या सुती कापडाच्या नव्या पिशव्या घ्याव्यात का? मला आधी हेच वाटायचं. पण कापूस पिकवायला पाणी लागतं, खत लागतं, फवारणी लागते. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या संस्थेने २०१८ मध्ये पिशव्यांचा जन्मापासून शेवटापर्यंतचा हिशेब मांडला होता. तिथल्या दुकानांतल्या साध्या प्लास्टिक पिशवीची बरोबरी करायला सुती पिशवी फक्त हवामानाचा निकष धरला तर ५२ वेळा आणि सगळे निकष धरले तर ७,१०० वेळा वापरावी लागते, असा तो आकडा. रोज वापरली तरी १९ वर्षं झाली! त्या हिशेबात प्लास्टिक गटारात अडकतं किंवा गाईच्या पोटात जातं हे धरलेलं नव्हतं, त्यामुळे मी त्याला शेवटचा शब्द मानत नाही. पण नवं कापड फुकट पडत नाही, एवढं त्यातून नक्की कळलं. पिशवी द्यायचीच तर घरात आधीच असलेल्या कापडाची द्यावी.

घरात आधी असतं ते जुन्या साड्यांचं कापड. सहावारी सुती साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा वार रुंद. १४ बाय १६ इंचांच्या एकेरी पिशव्या बंदांसकट एका साडीत १२ बसतात. विरलेला भाग सोडला तर १०. म्हणजे ४० पिशव्यांना चार साड्या. कापड फार पातळ असेल तर दुहेरी करावं लागतं, मग साड्याही दुप्पट.

मी एका वर्षी हे केलं. वस्तू झकास झाली, पण आत्याने पिशवी उलटीपालटी करून पाहिली आणि हळूच विचारलं, "नेसलेल्या साडीचं वाण देतात का गं?" तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, तिचं चुकलं नव्हतं. देण्यात कोरेपणाला मान असतो आणि घेणाऱ्या ४० जणींपैकी दहाजणींना तरी ते खटकणार, मग त्या बोलोत न बोलोत.

यावरचा तोडगा कपाटातच होता. ब्लाउजपीस! ओटीत आलेले, लग्नामुंजीत आलेले, बारशाला आलेले. रंग आपल्या एकाही साडीला लागत नाही, कापड शिवण्याच्या लायकीचं नाही, म्हणून ते ओटीतून ओटीत फिरत राहतात. माझाच एक जांभळा पीस तीन वर्षांनी मला परत आला होता, घडीवरच्या कुंकवाच्या बोटासकट. हे कापड कोरं असतं, मानाचं असतं आणि फुकट असतं. ८० सेंटिमीटर बाय एक मीटरच्या पिसात दोन पिशव्या निघतात. बंदांपुरतं कापड मात्र उरत नाही, त्यासाठी जुन्या साडीचे काठ किंवा जाड नाडी वापरायची. यातले पुष्कळ पीस पॉलिस्टरमिश्रित असतात हे खरं, पण ते आधीच तयार होऊन पडलेत. ४० पिशव्यांना २० पीस लागतात. स्वतःकडचे आठ-दहा आणि जावेकडचे, आईकडचे मागितले की होतात. उलट देणारीच सुटल्यासारखी हसते.

खर्च: स्वतः शिवलं तर दोरा आणि नाडी, दीडशे रुपयांच्या आत. वेळ: एका पिशवीला १५ मिनिटं धरली तर १० तास, म्हणजे तीन शनिवार-रविवार. मशीन नसेल तर आमच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाई एका पिशवीचे १५ रुपये घेतात. ६०० रुपये जातात, पण गल्लीतच राहतात. घडी घातली की पर्सच्या कप्प्यात बसते. होळीला भाजीच्या बाजारात दिसते. मी पाहिल्यात.

चटणी की उटणं?

शिवणाचा कंटाळा असेल तर जवसाची किंवा कारळ्याची चटणी. ही माझी दुसरी पसंती, आणि वेळ कमी असेल तर पहिली. संक्रांतीच्या सुगडात आपण हरभरे, बोरं, उसाची कांडं, गाजर, गव्हाच्या ओंब्या घालतो. सगळं त्या ऋतूचं, शेतातलं आणि खाऊन संपणारं. चटणी त्याच जातीची. ४० जणींना ५० ग्रॅम म्हणजे दोन किलो चटणी, गेल्या वर्षी मला ४०० ते ४५० रुपयांत पडली. भाजणं, गार करणं, कुटणं असं मिळून एक दुपार.

अडतं ते पॅकिंगपाशी. काचेची छोटी बाटली सुंदर दिसते, पण ती चटणीपेक्षा महाग पडते. नुसत्या कागदात तेल उतरतं. मी आतून लोणीकागद (बटर पेपर) आणि बाहेरून वर्तमानपत्राची पुडी केली, वर दोरा. पुडीवर केल्याची तारीख आणि 'महिनाभरात संपवा' असं लिहायला विसरू नका. जवस आणि कारळे दोन्हींत तेल भरपूर, कुटून ठेवले की खवट होतात. चटणीत शेंगदाणे घातले असतील तर तेही लिहा, काहींना चालत नाहीत. लसूण घातली तर वास पर्सभर, म्हणून मी ती वगळली.

उटण्याचा मोह मलाही झाला होता. मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून नागरमोथा, वाळा, आंबेहळद, कचोरा आणायचा, घरच्या वाळवलेल्या संत्र्याच्या साली घालायच्या आणि मसुरीच्या पिठात मिसळायचं. करायला मजा येते, खर्चातही बसतं. पण दिवाळीचं उटणं अजून सगळ्यांच्या न्हाणीघरात अर्धं पडलेलं असतं. शिवाय कुणाच्या त्वचेला काय सोसेल सांगता येत नाही. उटणं दिवाळीलाच भेट द्यावं.

रोपं, बिया आणि घोसाळी

रोप द्यायची कल्पना ऐकायला सगळ्यात छान आणि निभवायला सगळ्यात अवघड. पिल्लं काढून लावलेली कोरफड आणि फुटवे वेगळे करून लावलेला गवती चहा, दोन्ही जवळपास फुकट तयार होतात. पण मुळं धरायला महिना-दीड महिना लागतो आणि थंडीत जरा जास्तच. मी सुगडांत भोक पाडून ती लावली होती. १२ सुगडं भोक पाडतानाच फुटली. उरलेली ओली सुगडं भरजरी साडीतल्या बायका हातात धरून रिक्षात कशा बसल्या असतील! ज्यांना बाल्कनी आहे अशा पाच-सहा मैत्रिणींना रोपं वेगळी द्या. ४० जणींना नको.

बियांच्या पुड्या सगळ्यात स्वस्त. घरातली मेथी आणि धणे पुरतात. धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाकी केलेले द्यायचे, म्हणजे पेरणारीचं काम कमी. तरीही खरं सांगते, दहातल्या आठ पुड्या फ्रिजवरच राहतात. नुसत्या बिया हातात टेकवायला संकोचही वाटतो. चटणीच्या पुडीला जोडून द्या, शोभतात.

घोसाळं वेलावरच वाळू दिलं, साल काढली, बिया झटकल्या की आत जी जाळी उरते ती भांडी घासायला किंवा अंग घासायला उत्तम. एका घोसाळ्याचे दोन-तीन तुकडे होतात. प्लास्टिकच्या घासणीच्या जागी ती आली आणि झिजल्यावर कुंडीत टाकली की संपलं. यापेक्षा चांगलं वाण मला सुचत नाही, पण १५-२० वाळलेली घोसाळी जानेवारीत कुठून आणणार? बाजारातली कोवळी, भजीची. त्यासाठी वेल स्वतःचाच हवा.

आणि स्टीलची वाटी?

तिला उगाच नावं ठेवू नयेत. माझ्या सासूबाईंकडे 'सौ. … यांजकडून' असं नाव घातलेल्या वाट्या आहेत, देणाऱ्या बाई जाऊन वीस वर्षं झाली, वाटीत रोज ताक असतं. शेवटी मोडीतही तिला भाव येतो. 'इको-फ्रेंडली' म्हणून विकल्या जाणाऱ्या बांबूच्या ब्रशचे दात बहुधा नायलॉनचेच असतात, त्यापेक्षा ही वाटी कितीतरी सरळ. पण २५ रुपयांत येणारी वाटी इतकी पातळ की अंगठ्याने दबते, आणि दबणारी वाटी माझ्यासारखीच्या ओट्याखालच्या डब्यातच जाते. पाहुण्या १५ असतील तर जाड बघून स्टील घ्या. ४० असतील तर विसरा.

माझं ठरलंय: ब्लाउजपीसच्या पिशव्या, निम्म्या मी शिवणार, निम्म्या बाईंकडे, आणि प्रत्येकीत चटणीची छोटी, २५ ग्रॅमची पुडी. शिलाईचे ३००, नाडी-दोऱ्याचे दीडशे, चटणीचे सव्वादोनशे. पावणेसातशेत भागतंय. उरलेल्यातून आत्यासाठी जाड वाटी घेणार आहे, नाव घालून. आणि घोसाळ्याचं बी जूनमध्ये लावायचंय, गॅलरीच्या जाळीपाशी, म्हणजे पुढच्या संक्रांतीपर्यंत वाळतील.